दोन नद्यांच्या मधलं बाली

उबुदच्या पूर्वेला पेतानू आणि पकरिसान अशा दोन नद्या जवळजवळ समांतर वाहत दक्षिणेला समुद्राकडे जातात. नकाशावर दोघींमधलं अंतर बोटभर. पण दगडात शिल्लक राहिलेला बालीचा जुना इतिहास, म्हणजे दहाव्या ते चौदाव्या शतकातला, बराचसा याच बोटभर पट्ट्यात आहे. म्हणून मुक्काम उबुदला ठेवला, समुद्रकिनारा सहलीच्या शेवटावर ढकलला आणि गाडी-ड्रायव्हर ठरवून आम्ही नद्यांच्या मागे लागलो. आम्ही म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई पंच्याहत्तरीच्या. गुडघे बरे, जीभ त्याहून बरी.

महिना ऑगस्ट. आपल्याकडे धो धो पाऊस, तिकडे कोरडा मोसम. उतरल्यावर मिळणाऱ्या व्हिसाचे पाच लाख रुपिया आणि फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेल्या पर्यटक कराचे दीड लाख, हे आकडे ऐकून सासूबाईंनी विमानतळावरच कपाळाला हात लावला. आपल्या एका रुपयाला त्यांचे १८०-१९० रुपिया मिळतात, हे समजावल्यावर त्या शांत झाल्या आणि मग पुढचे सगळे दिवस भाजीवालीसारखा प्रत्येक गोष्टीचा हिशेब लावत बसल्या.

मंगळवार: बेदुलू, पेजेंग, तंपाकसिरिंग

गोआ गजाहला आठच्या ठोक्याला हजर राहावं. नऊनंतर बसगाड्या येतात आणि त्या इवल्याशा गुहेच्या तोंडाशी फोटोंची रांग लागते. तिकिटाबरोबर सारोंग मिळतं, ते कमरेला गुंडाळून वर पट्टा बांधायचा. साडीवाल्या सासूबाईंना सारोंगातून सूट मिळाली, पट्टा मात्र बांधावाच लागला. दारातच पाटी: मासिक पाळी चालू असलेल्या स्त्रियांनी आत येऊ नये. ही पाटी पुढे जवळपास प्रत्येक देवळात भेटली. इतक्या लांब येऊन तेच वाचायचं म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. सासूबाई म्हणाल्या, "तुझं वाचून झालं असेल तर चल, ऊन चढतंय."

पायऱ्या उतरून खाली गेलं की कातळात कोरलेला एक अक्राळविक्राळ चेहरा समोर येतो. डोळे बाहेर आलेले, आजूबाजूला पानं, प्राणी, लाटा असं काय काय खोदलेलं, आणि त्याचा जबडा हेच गुहेचं दार. आत काळोख, उदबत्तीचा धूर आणि शतकानुशतकांची काजळी. गुहा इंग्रजी टी अक्षरासारखी आहे. सरळ गेलं की डाव्या टोकाला गणपती, उजव्या टोकाला तीन शिवलिंगं, तिन्हींना कापडं गुंडाळलेली. सासूबाई गणपतीसमोर उभ्या राहून पुटपुटायला लागल्या तेव्हा मागच्या दोन जर्मन मुली आपोआप गप्प झाल्या.

गुहा अकराव्या शतकातली धरतात. १३६५ मध्ये जावाच्या मजपाहित दरबारात रचलेल्या देशवर्णन या काव्यात इथल्या 'ल्वा गजाह'चा उल्लेख आहे. मध्यंतरी सगळं झाडीत गेलं आणि १९२३ मध्ये गुहा पुन्हा लोकांसमोर आली. पण खरी गंमत समोरच्या कुंडांची. हातातल्या घटांतून पाणी ओतणाऱ्या स्त्रियांच्या मूर्ती कितीतरी वर्षं गुहेपुढे नुसत्याच ठेवलेल्या होत्या, त्या कशाच्या आहेत याचा पत्ता नव्हता. १९५४ मध्ये पुढच्या अंगणात खोदल्यावर खाली बांधीव कुंडं निघाली आणि बायका आपापल्या जागी परत गेल्या. आता त्यांच्या घटांतून पुन्हा पाणी पडतं. बहुतेक लोक गुहेचा फोटो काढून वळतात. तसं न करता पायवाटेने आणखी खाली ओढ्याकडे जावं. तिथे कातळात कोरलेल्या बौद्ध स्तूपांचे तुटून पडलेले प्रचंड तुकडे पाण्यात पडलेत, शेवाळलेले. वर शिव, खाली बुद्ध, मधे पाणी.

आमचा ड्रायव्हर तिशीतला. बालीत थोरल्या भावाला ब्ली म्हणतात आणि अनोळखी पुरुषालाही तशीच हाक मारतात, म्हणून तो आमचा ब्ली. सासूबाई त्याला बाळा म्हणायच्या. तोही ओ द्यायचा. नाव वायान, म्हणजे घरातला थोरला. दुसरा माडे, तिसरा न्योमान, चौथा केतुत आणि पाचव्यापासून पुन्हा वायान. "मग एका गल्लीत वायान म्हणून हाक मारली तर?" यावर त्याने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात सोडून सगळे धावत येतात असं करून दाखवलं.

गोआ गजाहपासून जवळच येह पुलू. इथे गर्दी नसते, कारण दाखवायला देऊळ असं काही नाही. भातखाचरांच्या कडेने चालत गेलं की एका कड्यावर सुमारे पंचवीस मीटर लांब कोरीव पट्टा, चौदाव्या शतकातला. देव जवळजवळ नाहीतच. काठीला घडे लटकवून निघालेला माणूस आहे, दाराशी उभी बाई आहे, शिकार आहे, आणि एका ठिकाणी घोड्यावर बसून निघालेल्या माणसाच्या घोड्याची शेपटीच एका बाईने धरून ठेवली आहे. ती त्याला थांबवतेय की त्याच्याबरोबर ओढली जातेय, हे आम्ही तिघांनी तीन प्रकारे लावलं. काही अभ्यासक यात कृष्णाची गोष्ट वाचतात. मला ती शेपटी धरणारी बाई कुठल्याही पुराणाशिवाय पटली. पट्ट्याच्या शेवटी एक गणपती आहे. एका आजीबाईंनी आमच्यावर पाणी शिंपडलं, कपाळाला तांदूळ लावले आणि टोपलीकडे बघितलं. दक्षिणा टाकली.

पेजेंगला देवळात एक कांस्याचा नगारा आहे, १८६.५ सेंटिमीटर उंच. एवढा मोठा प्राचीन कांस्यनगारा जगात दुसरा नाही असं मानतात. वय सुमारे दोन हजार वर्षं, म्हणजे बालीत हिंदू धर्म यायच्या आधीचा. गोष्ट अशी सांगतात की हे चंद्राच्या रथाचं चाक. ते निखळून झाडात अडकलं आणि इतकं लखलखायला लागलं की एका चोराची पंचाईत झाली. उजेड विझवायला तो झाडावर चढला आणि चाकावर लघवी केली. चाक थंड पडलं, तडकलं, चोर मेला. सगळी गोष्ट उत्तम, फक्त नगारा उंच माचावर ठेवलाय आणि खालून मान मोडेपर्यंत बघितलं तरी धड काही दिसत नाही. वेळ कमी असेल तर हे खुशाल गाळा.

जेवण तंपाकसिरिंगच्या वाटेवर. शाकाहारी माणसाला इथे फार त्रास नाही, तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी आणि तोफू मुबलक, गादोगादो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याचं वाटण. मात्र सांबलमध्ये तेरासी असते का, हे विचारायचंच. तेरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा. एरवी निरागस दिसणाऱ्या चटणीतही ती असते.

गुनुंग कावीला सुमारे तीनशे पायऱ्या खाली उतरायच्या, म्हणजे तेवढ्याच चढायच्या. सासूबाई खालपर्यंत आल्या आणि वरही आपल्या आपण चढल्या, मधे फक्त शहाळ्यासाठी थांबल्या. खाली पकरिसानचं खोरं. नदीच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांत सात-सात मीटर उंच कोनाडे खोदून त्यांत देवळांचे दर्शनी भाग कोरले आहेत. पूर्वेला पाच, पश्चिमेला चार, आणि दहावं जरा लांब, एकटंच. हे फक्त दर्शनी भाग आहेत. दारं आंधळी, आत गाभारा नाही. कुणाला पुरलेलंही नाही. अकराव्या शतकात राजघराण्यातल्या मृतांच्या स्मृतीसाठी ही केली असं मानतात.

हे घराणं म्हणजे उदयन राजाचं. बायको महेंद्रदत्ता पूर्व जावाची राजकन्या, थोरला मुलगा ऐरलंग जावाला जाऊन तिथला नावाजलेला राजा झाला आणि धाकटा अनक वुंगसू बालीत राज्य करत राहिला. कावीचं काम बहुधा या धाकट्याचं. गावातली माणसं मात्र कबो इवा नावाच्या राक्षसाचं नाव घेतात. त्याने एका रात्रीत नखांनी सगळं कोरलं.

वेरूळ बघितलेल्या माणसाने गुनुंग कावीला जाताना आकाराची अपेक्षा गुंडाळून ठेवावी. आपल्याकडे काळा बसाल्ट, छिन्नीला दाद न देणारा, आणि तरीही आत आत खोदत नेलेला. इथे ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला मऊ दगड. नखांची गोष्ट त्यावरूनच सुचली असणार. कोरीव काम फारसं उरलेलं नाही, पावसाने कडा गोल झाल्यात. पण जागा निवडायची नजर जबरदस्त आहे. मधोमध नदी, दोन्ही काठांना भाताच्या पायऱ्या, आणि पाटाचं पाणी या राजांच्या स्मारकांवरून गेल्यासारखं खळखळत खाली उतरतं. बाजूला भिक्षूंच्या खोल्या आहेत, कातळातच खोदलेल्या. तिथे चपला काढून आत जायचं.

तिथून तीर्ता एम्पुल अगदी जवळ. पकरिसानला पाणी देणारे हे झरे. गोष्ट इंद्राची. मायादनव नावाच्या माजलेल्या राजाने इंद्राच्या सैन्याला विषारी पाणी पाजलं, इंद्राने जमिनीत ध्वज रोवून अमृताचा झरा काढला आणि सैन्य उठवलं. मायादनव मारला गेला तेव्हा त्याचं रक्त पेतानूत वाहिलं, म्हणून ती नदी शापित आणि शेजारची पकरिसान पवित्र. एकाच डोंगरउतारावरच्या दोन बहिणी, एक सोवळी, एक ओवळी.

कुंडात उतरणाऱ्यांसाठी हिरवं सारोंग वेगळं मिळतं. एकेका धारेखाली डोकं धरत पुढे सरकायचं, याला मलुकात म्हणतात. मधल्या दोन धारा सोडायच्या, त्या मृतांच्या विधींसाठी. हे ठाऊक नसलेले परदेशी पर्यटक तिथेही भक्तिभावाने डोकं ठेवतात आणि शेजारच्या बालीतल्या आज्या त्यांना खांद्याला धरून पुढे ढकलतात. नवरा उतरला. पाणी बर्फासारखं, बाहेर आला तेव्हा ओठ निळे. सासूबाई काठावरून म्हणाल्या, "पापं गेली का?" तो म्हणाला, "आधी टॉवेल दे."

मला कुंडापेक्षा मागचं आवार आवडलं. तिथे मूळ झरा आहे. तळ दिसेल इतकं नितळ पाणी, आणि त्या तळातून काळी वाळू उसळत वर येते. एका जागी फुगते, पसरते, खाली बसते, तेवढ्यात दोन हात पलीकडे दुसरीकडून. बघत बसलं की वेळ जातो.

या जागेची एक हकीकत ऐकण्यासारखी. जवळच्या मनुकाया गावात एक जुना शिलालेख होता आणि गावकरी दरवर्षी चौथ्या महिन्याच्या पौर्णिमेला तो मिरवत आणून या झऱ्यावर धूत. का, ते कुणालाच वाचता येत नव्हतं. श्टुटरहाइम नावाच्या डच पुरातत्त्वज्ञाने तो वाचला, तर त्यात कुंड बांधल्याची नोंद, दहाव्या शतकातली, इ.स. ९६२ च्या आसपासची, आणि तिथी तीच, चौथ्या महिन्याची पौर्णिमा. लिपी विसरली, राजा विसरला, तारीख राहिली. डोक्यावरच्या टेकाडावर इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांनी १९५० च्या दशकात बांधून घेतलेला बंगला आहे, सरळ कुंडांवर नजर ठेवून असलेला. त्याबद्दल ब्ली काही बोलला नाही, नुसता हसला.

बुधवार: तुकाद चेपुंग, क्लुंगकुंग

तुकाद चेपुंग हा धबधबा बांगली जिल्ह्यात आहे आणि तो सकाळीच बघायचा असतो. नऊ ते अकराच्या दरम्यान उन्हाची तिरीप वरच्या फटीतून सरळ खाली येते. पायऱ्या उतरून ओढ्यात शिरायचं, मग घोट्याइतक्या, कुठे गुडघ्याइतक्या पाण्यातून दोन कड्यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेने पुढे. शेवटी कातळाची एक गोल खोली, वर आभाळाचा तुकडा, आणि तिथून पाणी खाली पडतं. तुषारांत उन्हाचे पट्टे काठ्यांसारखे उभे दिसतात. दृश्य खरोखर तसंच आहे, जसं फोटोत दिसतं. फोटोत दिसत नाही ती फोटोसाठीची रांग. आमच्या पुढे एक जोडपं होतं, त्यातल्या मुलीने लाल झगा बदलून पांढरा घातला, तोवर ऊन सरकलं.

सासूबाई वर टपरीवर बसल्या होत्या. येऊन बघतो तर टपरीवालीने त्यांना क्लेपॉन खायला दिलेले. तांदळाच्या पिठीचे हिरवे गोळे, आत ताडगूळ, वर खोबऱ्याचा कीस. चावला की गरम पाक तोंडात फुटतो. "उकडीचा मोदकच आहे, उलटा केलेला," सासूबाई म्हणाल्या आणि आणखी एक द्रोण मागवला.

दुपारी क्लुंगकुंग. या दिवसाचं, किंबहुना सगळ्या सहलीचं, सगळ्यात चांगलं ठिकाण माझ्या मते हेच, आणि इथे येणारे सगळ्यात कमी. देवा आगुंग म्हणजे बालीतल्या राजांमध्ये मानाने पहिला, त्याची ही राजधानी. वाडा उरलेला नाही. २८ एप्रिल १९०८ ला डच फौज दारात आली तेव्हा राजा, राण्या, मुलं, सरदार असे सगळे पांढऱ्या वस्त्रांत, क्रिस म्हणजे नागमोडी कट्यारी घेऊन बाहेर पडले आणि बंदुकांवर चालून गेले. याला पुपुतान म्हणतात. दोन वर्षं आधी, २० सप्टेंबर १९०६ ला, बादुंगच्या म्हणजे आताच्या देनपसारच्या राजघराण्यानेही हेच केलं होतं. क्लुंगकुंग पडलं आणि सबंध बाली डचांच्या हाती गेलं. वाड्याचा एक मोठा दरवाजा उभा आहे, त्याची दारं तेव्हापासून कुठेही उघडत नाहीत, कारण मागे काही नाही. रस्त्यापलीकडे पुपुतानचं काळ्या दगडाचं स्मारक आहे.

वाचलं ते कर्ता गोसा, न्यायमंडप. उंच जोत्यावर चारी बाजूंनी उघडा, आणि छत आतून रंगवलेलं, कमासान गावच्या चित्रकारांच्या शैलीत. ही शैली वायांग म्हणजे छायाबाहुल्यांच्या खेळातून आलेली, म्हणून चेहरे तिरके, डोळे बदामी, बोटं लांबच लांब. सध्याची चित्रं मूळ नाहीत, १९३० च्या सुमारास आणि पुन्हा १९६० मध्ये नव्याने रंगवलेली. आम्ही तिघं मान वर करून बाकावर आडवे झालो. रखवालदाराने काही म्हटलं नाही, त्याला सवय असावी.

छतावर खालून वर अशा ओळी आहेत. सगळ्यात खाली तंत्रीच्या गोष्टी. तंत्री ही राजाला रोज एक गोष्ट सांगून स्वतःला वाचवणारी मुलगी, आणि तिच्या बऱ्याच गोष्टी आपल्या पंचतंत्रातून जावामार्गे इथे आलेल्या. वरच्या ओळींत अमृत आणणारा गरुड आहे. एक ओळ भूकंपांची, कुठल्या महिन्यात भूकंप झाला तर काय होईल याची. आणि मुख्य म्हणजे भीम. पांडू आणि माद्री नरकात पडलेत, कुंती भीमाला सांगते, जा, त्यांना सोडवून आण. भीम जातो. आमच्या महाभारतात ही गोष्ट नाही, असं म्हणेपर्यंत सासूबाईंनी एकेक शिक्षा बोटाने दाखवायला सुरुवात केली होती.

करवतीने मधोमध कापले जाणारे, कढईत उकळणारे, जिभेला चिमटे लावलेले. यमदूत कामात गढलेले आहेत, चेहऱ्यावर राग नाही, कारकुनासारखे. एका चौकटीत एक बाई, तिच्या छातीला भलीमोठी अळी चिकटलेली. पोर न होता मेलेल्या बाईला ही शिक्षा. नवऱ्याने ते वाचून दाखवल्यावर सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझ्या नणंदेला मूल नव्हतं. सगळ्यांची बाळंतपणं तिनेच केली. चित्र काढणारा पुरुष असणार." इथे खाली आरोपी बसायचे, वर बघितलं की आपल्या गुन्ह्याचं पुढे काय होणार ते दिसायचं. डचांनी राजाला मारलं, वाडा पाडला आणि हे छप्पर ठेवून त्याखाली आपलं न्यायालय भरवलं.

शेजारी पाण्याने वेढलेला बाले कंबांग आहे, तोही रंगवलेला. एकाच दमात तेही बघून घ्यावं. बसाकी या आगुंगच्या उतारावरच्या मोठ्या देवळाला जायचा विचार होता, पण ढग उतरले. आगुंग पर्वत सकाळी गाडीतून दिसला होता तेवढाच, तीन हजार मीटरच्या वर, टोक कापल्यासारखं. १९६३ मध्ये तो फुटला तेव्हा बसाकीला शंभर वर्षांतून एकदा होणारा एकादश रुद्र विधी चालू होता. हजाराहून जास्त माणसं गेली, लाव्हा देवळाच्या बाजूने निघून गेला. ब्लीच्या आजोबांनी ते बघितलेलं. देऊळ वाचलं म्हणून काही जण देवाची कृपा म्हणतात, विधी चुकीच्या वेळी केला म्हणून काही जण कोप म्हणतात. "आजोबा काय म्हणायचे?" "राखेमुळे पुढे भात चांगला आला, म्हणायचे."

गुरुवार: मेंगवी, ब्रतान, बन्युमाला, जातिलुविह

आज नद्या सोडून वर तळ्यांकडे. वाटेत मेंगवीचं तामान आयुन, १६३४ मध्ये उभारलेलं राजघराण्याचं देऊळ, चहूबाजूंनी खंदक. आतल्या अंगणात पर्यटकांना प्रवेश नाही, बुटक्या भिंतीबाहेरून फेरी मारायची. इथे सासूबाईंचा तीन दिवस साठवलेला प्रश्न बाहेर आला. "मेरू मोजून झाले, छपरं मोजून झाली, देव कुठाय?"

मेरू म्हणजे एकावर एक ताडाच्या काळ्या धाग्यांच्या छपरांचे मनोरे, तीन, पाच, सात, अकरा, सहसा विषम. गाभारा असा नसतोच. देऊळ म्हणजे आभाळाखालची अंगणं, एकात एक, आणि शेवटच्या अंगणात देवासाठी उंच दगडी आसन. ते रिकामं. देव एरवी वर डोंगरात असतात, उत्सवाला खाली उतरून बसतात, असं ब्लीने सांगितलं. बहुतेक देवळांचा वाढदिवस त्यांच्या २१० दिवसांच्या पंचांगाने येतो. त्याखेरीज दुसरं पंचांग आहे ते शकाचं, आपलंच. त्यांचं नवीन वर्ष म्हणजे न्येपी, त्या दिवशी दिवे बंद, रस्ते बंद, विमानतळसुद्धा बंद. २०२३ मध्ये ते २२ मार्चला आलं, त्याच दिवशी आपला पाडवा, आणि दोन्हीकडे शके १९४५ लागलं. सासूबाईंना हे फार आवडलं. "मग रिकाम्या आसनाचंही चालेल," असा निकाल त्यांनी दिला.

ब्रतान तळं हजारभर मीटरहून उंचावर, हवा महाबळेश्वरची. काठावरचं उलुन दानू देऊळ सतराव्या शतकातलं, तळ्याच्या देवीचं, पन्नास हजार रुपियांच्या जुन्या नोटेवर होतं ते. पाणी भरलेलं असलं की अकरा छपरांचा मेरू तळ्यात तरंगल्यासारखा दिसतो. समोरच्या टेकडीवर मशीद, आवारात एक बौद्ध स्तूप, आणि बागेत हंसाच्या आकाराच्या नावा. या नावा कुणी तरी हलवायला हव्यात. देऊळ देखणं आहे, पण मला त्याचं काम जास्त थोर वाटतं, ते पुढे जातिलुविहला कळतं.

त्याआधी बन्युमाला. बुयान तळ्याच्या वरच्या धारेवरून रस्ता जातो, कठड्यावर माकडं. मग कच्चा रस्ता आणि बांबूच्या कठड्याच्या उभ्या पायऱ्या. सासूबाईंनी गाडीतच झोप काढली. खाली एक धबधबा अंगात येऊन दोन झालेला, आणि मधल्या शेवाळी कड्यातून पाण्याच्या शेकडो बारीक धारा. खालच्या डोहात पोहता येतं. बालीतला एकच धबधबा बघायचा असेल तर हा बघावा. तुकाद चेपुंग फोटोत, बन्युमाला डोळ्यांनी.

जातिलुविहला पोचेपर्यंत उन्हं कलली होती. बातुकाऊ डोंगराच्या उतारावर भाताच्या पायऱ्या, नजर पुरेल तिथवर. एका उतारावरचे सगळे तुकडे एकदम कापलेले, शेजारच्या उतारावर सगळ्यांत एकदम पाणी भरलेलं. हे एकदम होणं योगायोगाने नाही. एका पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्यांचा संघ म्हणजे सुबाक, आणि प्रत्येक बंधाऱ्याशी, पाट फुटतो तिथे एक देऊळ. पाणी कुणाला कधी सोडायचं, कुठला उतार एकत्र कापायचा, कुठला कोरडा ठेवायचा, हे त्या देवळांतल्या बैठकांत ठरतं. सगळ्यांच्या वर तळ्याकाठचं देऊळ.

१९७० च्या दशकात हरितक्रांतीबरोबर नवं बियाणं आलं आणि सरकारने सांगितलं, देवळाचं वेळापत्रक सोडा, मिळेल तितकी पिकं घ्या. थोडी वर्षं उत्पन्न वाढलं. मग तुडतुडे आणि उंदीर मातले, पाण्यावरून भांडणं लागली. स्टीफन लॅन्सिंग या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने अभ्यास करून, संगणकावर मांडून दाखवलं की मोठ्या पट्ट्यात एकाच वेळी शेतं पडीक राहिली तर किडीला खायला उरत नाही, आणि ती वेळ साधायचं काम देवळं करत होती. शेतकरी जुन्या वेळापत्रकावर परत गेले. २०१२ मध्ये युनेस्कोने सुबाकला जागतिक वारसा म्हटलं, त्यात जातिलुविह आहे, तामान आयुन आहे, आणि मंगळवारचं पकरिसान खोरंही आहे. खाली दक्षिणेला मात्र खाचरं विकून व्हिला उभे राहतायत, आणि त्यांच्या पोहण्याच्या तलावांना कुठल्याच सुबाकच्या बैठकीत बसावं लागत नाही.

बांधावर एक बाई लाल तांदूळ विकत होत्या, इथलाच. सासूबाईंनी मूठभर हातात घेऊन वास घेतला, एक दाणा दातांनी तोडला आणि ब्लीला म्हणाल्या, "बाळा, विचार त्यांना, किती शिट्ट्या?" ब्लीला शिट्टी कळेना. नवऱ्याने तोंडाने कुकरचा आवाज काढून दाखवला. तांदूळवाल्या बाई हसून हसून बांधावर बसल्या. इथे तांदूळ वाफेवर शिजवतात, शिट्टी वगैरे काही नाही. त्यांनी झोपल्याची खूण केली, मग पातेल्याची: रात्रभर भिजवायचा. तसा भिजवून घरी कुकरला लावला. जरा दाताखाली येतोच, पण चिंचगुळाच्या आमटीबरोबर चांगला लागतो.